जखमेचं माप

हे मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, थोरल्या भावाजवळ नाही. आमच्या मठाचे स्वामी श्रावणात गावात येतात, समोर बसवून विचारतात, मनाला काही टोचतंय का — त्यांनाही मी 'सगळं ठीक आहे' असंच म्हणत आलो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे परवा माझं डोकं फिरलं.

वडवणीत आमचं किराण्याचं दुकान आहे. परवा दोन गिऱ्हाइकं दुकानासमोर बोलत उभी होती. एकाच्या आईच्या पायाला जखम, साखरेमुळे भरता भरत नाही. बीडला कुणीतरी लेझरचा उजेड देऊन असल्या जखमा भरून आणतं म्हणे, तर तिला न्यावं का, असं तो विचारत होता. दुसरा म्हणाला, "नाव काढू नको बे त्या लाइटीचं! आपल्याच गावात एका डॉक्टरनं लाइटीनं धनगरणीचा पाय जाळलता. मांडीतून कापावा लागला."

मी हातातला डबा आपटला. "तू होतास का तिथं? पाहिलंस का? मग कशाला तोंडाला येईल ते बरळतोस?" — असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. दोघंही काही न घेता निघून गेले. मुलानं हळूच विचारलं, बीपीची गोळी घेतली का म्हणून.

गोळी घेतली होती. हा राग गोळीनं उतरणारा नाही. तो माणूस खोटं बोलत होता, हे खरं. पण हे खोटं त्याच्या तोंडात घातलं कुणी? — थांबा, पहिल्यापासून सांगतो. मधूनच सुरू केलं तर मी पळवाट शोधीन. मला तशी सवय आहे.

नव्वदीनंतरची ती वर्षं. बाजार खुला झाला, खुला झाला असं जो तो म्हणत होता. आमच्याकडे तो कसा दिसला? एसटीडीचे पिवळे बोर्ड दिसले, रंगीत टीव्ही दिसले, आणि एक दिवस ट्रान्सपोर्टच्या टेंपोतून एक लाकडी खोकं डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर उतरलं. आत थर्माकोलमध्ये बसवलेलं परदेशी मशीन. सगळं गाव बघायला जमलं. वडवणीत लेझर! लोकांना वाटलं, सिनेमातल्यासारखी आग निघणार.

डॉक्टर मूळचे धारूरकडचे. शिकून शहरात राहता आलं असतं, राहिले नाहीत. दसरा झाला की आमच्याकडची अर्धी माणसं ऊस तोडायला जातात, आणि उन्हाळ्यात परत येतात ती हातापायांवर कोयत्याचे घाव घेऊन. चिखलात, पाचटात सहा महिने चिघळलेले घाव. कुणी त्यावर तंबाखू दाबलेली, कुणी बॅटरीची काळी पूड. डॉक्टर ते बघून संतापायचे. "ही काय माणसं नाहीत का?" म्हणायचे. त्या चिडीतून त्यांनी ते मशीन आणलं. मिरवायला नाही. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो, आणि तेव्हा सांगायला हवं होतं तेव्हा मात्र — असो. त्याकडे येतोच आहे.

मी त्यांच्याकडे पट्ट्या बांधायला होतो. तिशीला आलेला माणूस, दुकान भावानं सांभाळलेलं, आणि वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की ह्याच्या हाताला यश नाही. डॉक्टरांनी मला जखम धुवायला शिकवलं, मशीन धरायला शिकवलं. पेनासारखी एक दांडी, तिच्या टोकातून लाल ठिपका पडायचा. रोग्यानं काळा चष्मा लावायचा, मीही लावायचा, आणि जखमेच्या कडेकडेनं एकेका जागी मोजून तेवढा वेळ तो ठिपका धरून ठेवायचा. त्यानं भाजत नाही. साधं कोमटसुद्धा लागत नाही. लोक तरी त्याला 'शेक'च म्हणायचे, आणि चटका बसत नाही म्हणून तक्रारही करायचे.

गुण यायचा का? खरं सांगतो — सगळ्यांना नाही. पण यायचा. शिरूर कासारच्या एकाच्या पोटरीवरचा घाव दोन हंगाम उघडा होता, तो माझ्या डोळ्यांदेखत भरला. नुसत्या उजेडानं नव्हे. रोजचं धुणं, औषध, स्वच्छ पट्टी, आणि वर तो उजेड. डॉक्टर कधी त्याला जादू म्हणाले नाहीत. म्हणायचे, जखम झोपी गेलेली असते, तिला आपण फक्त हलवून जागं करतो.

आता मापाचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

जखम भरतेय की नाही हे कसं कळायचं? रोज बघणाऱ्याला ती रोज सारखीच दिसते. म्हणून डॉक्टरांनी एक रीत काढली. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या की काळं निघून जातं आणि काचेसारखा स्वच्छ पत्रा उरतो. आठवड्यातून एकदा तो स्पिरिटनं पुसून जखमेवर अलगद ठेवायचा आणि वरून पेनानं जखमेची कड गिरवायची. दुसऱ्या आठवड्याला दुसरी फिल्म. मग सगळ्या एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरायच्या. जखम आटत असेल तर एका रेघेच्या आत दुसरी रेघ, तिच्या आत तिसरी. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असं.

हे काम माझ्याकडे होतं. आणि मी ते झकास करायचो! आमचं घराणं वाण्याचं. 'मापात पाप नको' हे वडिलांचं रोजचं वाक्य. आमच्या दुकानातून नेलेलं धान्य घरी जाऊन कुणी पुन्हा मोजलं नाही. तोच विश्वास गावानं माझ्या फिल्मांवर टाकला. डॉक्टरांनी तर डोळे झाकून टाकला. दिवसाला पन्नास-साठ रोगी बघणारा माणूस, प्रत्येकाची पट्टी सोडून बघणार कधी? फिल्मा बघायचे, मान हलवायचे, पुढचा रोगी.

अशात ठकूबाई आली.

पन्नाशीची धनगरीण. काटक, उन्हानं रापलेली, मेंढरांमागं आयुष्यभर चाललेली. लहानपणी शेकोटीत पडून नडगी भाजली होती. तो भाजल्याचा चट्टा सारखा फुटायचा, भरायचा, फुटायचा. शेवटची कितीतरी वर्षं तर उघडाच होता. विड्याच्या पानाएवढी जखम. त्या साली तिचा नवरा आणि मुलगे मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेले आणि ती भावाच्या वस्तीवर मागं राहिली, ह्या शेकासाठी. बरी झाली की कळपाला जाऊन मिळणार होती. तिला दुसरं काही नकोच होतं. पाय हवा होता, चालायला.

डॉक्टरांनी तिला तपासलं, कडेचा तुकडा काढून बीडला पाठवला, त्याचा रिपोर्ट चांगला आला. तरीही मला बाजूला घेऊन बजावलं. भाजल्याची जुनी जखम आहे, असल्या जखमेत कधी कधी कॅन्सर उठतो. कड उचललेली दिसली, फुलकोबीसारखी खरबरीत झाली, हात लावताच रक्त यायला लागलं, तर उजेड त्याच क्षणी बंद, आणि मला हाक मार. मी कितीही कामात असलो तरी.

मी विसरलो नव्हतो, हे लिहून ठेवा. मला सगळं पाठ होतं.

पहिले दोन महिने जखम खरोखर आटली. रेघेत रेघ, रेघेत रेघ. ठकूबाई त्या फिल्मा मागून घ्यायची, खिडकीशी धरायची आणि बाकावरच्या बायकांना दाखवायची — "ही पैली, ही आताची. आमच्या आप्पाचा हात लई गुणाचा हाय." आम्हा वाण्यांना गावात सगळे आप्पाच म्हणतात, पण तिनं म्हटलं की मला बरं वाटायचं. हाताला यश नाही म्हणत होते ना? बघा म्हणावं!

डॉक्टर तर हरखून गेले होते. औरंगाबादला डॉक्टरांची एक बैठक होती. तिथं ते ठकूबाईच्या फिल्मा दाखवणार होते, आणि मला सोबत नेणार होते. मोजणारा माणूस म्हणून माझी ओळख करून देणार होते. मी सफारी शिवायला टाकला. आईला सांगितलं, आईनं गल्लीला सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात जखम थांबली.

वाढली नाही — नुसती थांबली. रेघ मागच्या रेघेवरच पडत होती. एका बाजूला तर किंचित बाहेर जात होती. मी फिल्म ठेवली, पेन टेकवलं, आणि... काय सांगू? हात आपोआप आत सरकला, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी विचार केला, आणि मग रेघ आत घेतली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी.

एवढ्यानं काय होतं? असंच म्हणालो मी. पुढच्या आठवड्यात आटेल, म्हणालो. पण पुढच्या आठवड्याची फिल्म मागच्या फिल्मवर ठेवायची असते. मागची रेघ आत गेलेली. आता खरी रेघ काढली तर जखम एकाएकी वाढलेली दिसणार, आणि डॉक्टर विचारणार. म्हणून पुन्हा आत. आणि मग पुन्हा. औरंगाबादला गेलो, सफारी घालून उभा राहिलो, मोठमोठ्या डॉक्टरांनी माझ्या रेघा हातात घेऊन पाहिल्या. परत येताना एसटीत डॉक्टर गाढ झोपले आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मला तेव्हा अभिमान वाटत होता, हो. खोटं आहे हे ठाऊक असूनही वाटत होता. कसला हा माणूस!

मग कड उचलली. वरच्या अंगाला, नखाएवढी. खरबरीत. कापूस टेकवला की रक्त यायचं. वासही बदलला.

मी काय केलं? मी डॉक्टर यायच्या आत पट्टी बांधायला लागलो. ते दारातून विचारायचे, "काय म्हणतोय पाय?" आणि मी म्हणायचो, "आत्ताच बांधली साहेब, छान आहे." एकदा नाही. दर आठवड्याला. कड उचलल्यावर पाच फिल्मा काढल्या मी, आणि त्या पाचही फिल्मांवर जखम लहान होत गेली. उजेडही देत राहिलो — जो त्याच क्षणी बंद करायला सांगितला होता.

अक्षरशून्य ठकूबाईनं मला पकडलं. तिला रेघेपेक्षा पट्टी कळत होती. म्हणाली, "आप्पा, येक इचारू का? तुजं चितर लानलान व्हायलंय, आन पट्टी कावून मोठी लागायलीय?"

किती साधा प्रश्न. आणि माझ्या तोंडून काय निघालं? मी तिच्यावर खेकसलो. सगळ्या बाकासमोर. म्हणालो, तूच घरी काहीतरी लावत असशील, हळद, राख, मेंढरांचं औषध. तुम्हा लोकांना किती सांगितलं तरी अक्कल येत नाही, आणि मग आम्हाला विचारता! ती दचकली. "बिरोबाची आण, म्या काय बी लावलं न्हाई," म्हणाली. मी म्हणालो, मग झोपेत खाजवत असशील. बाकावरच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ज्या बायकांना ती माझं कौतुक सांगायची, त्याच.

तुम्ही म्हणाल, हे त्या रेघेपेक्षा वाईट. मलाही तसंच वाटतं.

पुढच्या आठवड्यात मी चहाला बाहेर गेलो असताना डॉक्टरांनी स्वतः तिची पट्टी सोडली. मी आलो तेव्हा ते खाली बसले होते, जमिनीवर, तिचा पाय हातात धरून. माझ्याकडे वर बघून एवढंच विचारलं, "ही मापं तू घेतलीस?" मी म्हणालो, "हो साहेब. तेव्हा तसंच होतं. हे आठ दिवसांत वाढलं."

त्यांनी मान खाली घातली. त्यांना माझं पटलं का? मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्याच दुपारी जीप करून ते स्वतः तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं सांगितलं, महिना-दीड महिना आधी आणली असती तर फक्त जखमेची जागा कापून भागलं असतं. आता पाय ठेवता येणार नाही. मांडीतून काढला.

बाजाराच्या दिवशी तिचा भाऊ दहा-पंधरा माणसं घेऊन दवाखान्यासमोर आला. "लाइटीनं पाय जाळला! आमची बाई चालत आलती, चालत!" डॉक्टर पायरीवर हात जोडून उभे. चूक झाली, मी आधी बघायला हवं होतं, एवढंच पुटपुटले. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आप्पाला इचारा. वाण्याचं पोरगं हाय, खोटं न्हाई बोलायचं."

सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरही. एक वाक्य बोलायचं होतं — रेघा मी खोट्या काढल्या. चार शब्द. आणि मी म्हणालो, "मी साधा पट्टी बांधणारा माणूस. मशीन साहेबांचं, त्यांनाच विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. आणि तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

दोन महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं. ते निघून गेले. कुठं गेले, मी चौकशीसुद्धा केली नाही. ज्यांचे घाव निम्मे भरले होते ते पुन्हा तंबाखूवर गेले. शिरूर कासारचा तो माणूस दोन-तीनदा येऊन लोकांना भरलेली पोटरी दाखवत होता, पण त्याला हसत होते सगळे. आणि मी दुकानात येऊन बसलो, आणि चिडायला लागलो. डॉक्टरांवर चिडलो — रोज एकदा पट्टी सोडून बघायला काय झालं होतं त्यांना? लोकांवर चिडलो — एवढी कशी मेंढरं ही माणसं, एकानं म्हटलं की सगळे म्हणणार? ठकूबाईच्या भावावर, सारखी लाइट घालवणाऱ्या वीजबोर्डावर, सरकारवर, कुणाकुणावर. चोरानं घरमालकाला झापावं, कडी का लावली नाहीस म्हणून, तसला हा राग. इतकी वर्षं मी त्यावर जगलो. परवा दुकानासमोर ओरडलो तेही त्याच रागानं. त्या माणसाची आई आता बीडला जाणार नाही. तेही माझ्याच पदरात.

अजून एक राहिलं. हे सांगायला जीभ वळत नाही, पण ह्याच्याशिवाय बाकीचं सांगून काय उपयोग?

तीन-चार वर्षांनी ठकूबाई कुबडीवर दुकानात आली. मेंढरं मुलांकडं गेली होती, ती वस्तीवरच बसून असायची. मला बघून हसली. माझ्या मुलांची नावं विचारली. मग जवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "आप्पा, म्या भावाला तवाच म्हणलतं, डाक्टरला बोलू नगं, त्येचा काय गुन्हा न्हाई. झोपंत माजाच हात लागला आसंल. तू सांगितलतास की. म्या तुज्यावर रागवलते तवा. मनात धरू नगंस."

ती माझी माफी मागत होती.

मी तिच्याकडे बघितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. भाऊ जेवायला गेला होता. कुणाची भीती नव्हती, काही जायचं नव्हतं. 'नाही ठकूबाई, तुझा हात लागला नव्हता' — एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं.

मी म्हणालो, "जाऊ दे आता. झालं ते झालं."

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. वस्ती इथून तासाभराच्या वाटेवर आहे. मी गेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात ती गेली, आपला पाय आपणच घालवला असं समजून.